वाचकांचे प्रश्न: वॅगनची पाठ आणि लोखंडी बार

गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर सरळ मागच्या दारापर्यंत नेलेली मोठ्या डिकीची गाडी, वळणात मागून सैल वाटते ती तिच्या भल्यामोठ्या मागच्या दारामुळे, आणि बाजारात मिळणारे मजबुतीचे बार त्यावर दर वेळी उपाय ठरत नाहीत. त्या दोन ओळींवर या महिन्यात बाकी सगळ्या विषयांहून जास्त पत्रं आली. आपल्याकडे वॅगन घेणारे थोडे, पण ज्यांनी घेतली ते तिला सहसा सोडत नाहीत. रबाळ्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये हे मी कितीतरी वर्षं बघते आहे. म्हणून हा महिना वॅगनचाच.

ताई, माझ्याकडे जुनी ऑक्टेव्हिया कॉम्बी (ऑक्टेव्हियाची वॅगन) आहे, १.९ टीडीआय. मी तिचा चौथा मालक. इंजिन रीमॅप करून घेतलंय (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय), टायर रुंद घातलेत. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत मागून कटकट आवाज येतो. गायमुखच्या वळणावर पुढचा भाग वळतो आणि मागचा क्षणभर उशिरा येतो असं वाटतं. एका दुकानदाराने पुढचा स्ट्रट बार (बोनेटखालचा आडवा दांडा), मागचा बार, डिकीतला एक्स बार आणि खालचे दोन फ्लोअर बार असा संच ३८,००० रुपयांत सांगितलाय. घेऊ का?
— एक वाचक, कासारवडवली

आत्ता घेऊ नका. पैसे खिशात ठेवा आणि आधी गाडीची पाठ तपासा.

सेडानला मागच्या सीटमागे पत्र्याची आडवी भिंत असते, वर काचेखाली पत्र्याचा कप्पा असतो. हे दोन्ही मिळून मागचा भाग आवळून धरतात. वॅगनला यातलं काहीच नसतं, कारण तिथूनच सामान आत जायचं असतं. वाशीच्या फळबाजारातून आंब्याची लाकडी पेटी आणली असेल तर एक करून बघा. तिची एका टोकाची फळी काढा आणि वरच्या कोपऱ्यावर हात दाबा. पेटी लगेच तिरकी होते. तुमच्या कॉम्बीचं मागचं दार म्हणजे ती काढलेली फळी. दार बंद असलं तरी ते कुलपावर आणि रबरावर टेकलेलं असतं, गाडीचा भार ते घेत नाही.

कंपनीने हे ओळखून दाराभोवती एक कडं केलेलं असतं: वर छपराची शेवटची कमान, दोन बाजूंना मागचे खांब, खाली डिकीचा आडवा मेंबर. हे चारही भाग स्पॉट वेल्डिंगने जोडलेले. साध्या गाडीच्या सांगाड्यात असे तीन ते पाच हजार स्पॉट असतात. कड्याचे वरचे कोपरे सहसा टिकतात. खालचे दोन कोपरे मात्र चाकामागच्या चिखलात आयुष्य काढतात. त्यात मागच्या दिव्याचं गॅस्केट कडक झालं की पाणी आतल्या बाजूने उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खाडीची हवा. बाहेरून रंग चकचकीत असतो, आतला जोड मात्र भुसभुशीत झालेला असतो.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये डेंटर होते. गाडी आली की ते आधी बोलायचे नाहीत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्ड, चाकाच्या कमानी, मागचे कोपरे असं ठोकत एक फेरी मारायचे. चांगला पत्रा ठण्ण वाजतो. आतून खाल्लेला पत्रा थप् वाजतो. तो थप् आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. तुम्हीही आधी हेच करा. डिकीतलं कार्पेट काढा, स्टेपनी बाहेर काढा, खड्ड्यात हात फिरवा. ओल लागली तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मग मोजमाप. गाडी सपाट जागी उभी करा, मागचं दार उघडा. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर पेन्सिलीने बारीक खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. आता एका बाजूच्या मागच्या जॅकपॉइंटवर गाडी उचला, चाक जमिनीवरून सुटेपर्यंतच, आणि खाली स्टँड लावून पुन्हा तेच कर्ण मोजा. फितीने मोजताना चूक होते म्हणून मी दोन नळ्या एकमेकींत सरकणारा गज वापरते. गेल्या पावसाळ्यानंतर कळव्याहून अशीच एक कॉम्बी आली होती. एक चाक उचललं की तिचे कर्ण ४ मिमीने बदलायचे. डावा खालचा कोपरा उघडला तर आतल्या पट्टीचे नऊ स्पॉट सुटलेले होते. खराब पत्रा कापून त्याच जाडीचा नवा बसवला, कंपनीच्या जागेवर स्पॉट मारले, सांध्यांत सीम सीलर भरलं, गंज रोखायला आत मेण सोडलं. तेवढ्यावर फरक दीड मिमीवर आला. त्या गाडीला एकही बार लावला नाही. मालक वळणात मागचा भाग बरोबर येतो म्हणून फोन करून सांगत होते.

मोजायची सोय नसेल तर मास्किंग टेप घ्या. मागचं दार बंद करून दार आणि खांब यांच्या फटीवर आडवे सहा तुकडे चिकटवा, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. कासारवडवलीहून गायमुखपर्यंत जाऊन या. वरचे तुकडे शाबूत आणि खालचे सुरकुतलेले किंवा फाटलेले दिसले तर कडं खालून उघडतंय. सगळेच तुकडे सारखे सैल झाले असतील तर दार नीट बसवलेलं नाही. तेव्हा दाराच्या दोन रबरी टेकण्यांचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढा आणि कुलपाचा हूक सरकवून बघा. खड्ड्यातली कटकट बहुतेक वेळा इथेच संपते.

आता तुमच्या उशिरा येणाऱ्या मागच्या भागाकडे. तुमच्या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी, थोडी पिळू शकणारी आडवी तुळई. तो पुढच्या बाजूला दोन मोठ्या रबरी बुशांवर बॉडीला टांगलेला असतो. वळणात चाकाला आडवा जोर बसतो तो याच दोन बुशांतून बॉडीत शिरतो. इतक्या वर्षांच्या गाडीत ते रबर फाटलेलं असणार. बुश सैल असले की आधी बॉडी वळते, मग बीम सरकतो, मग चाक येतं. तुम्हाला जाणवतो तो क्षणभराचा उशीर हाच. डिकीत कितीही लोखंड बसवलं तरी तो जाणार नाही. शॉकअप आणि स्प्रिंगही तुमच्या गाडीत वेगवेगळ्या बसतात आणि शॉकअपचं वरचं टोक चाकाच्या कमानीत खालून बोल्टने पकडलेलं असतं. म्हणजे डिकीत बार बांधायला टॉवरच (वरचं टोक पकडणारा पत्र्याचा उंचवटा) नाही. मग तो मागचा बार कशाला बांधणार, हे दुकानदाराला विचारा. बहुतेक सीटच्या कुलपाला किंवा बेल्टच्या बोल्टला. बेल्टच्या बोल्टबद्दल पुढच्या पत्रात लिहिलं आहे, ते जरूर वाचा.

एक गोष्ट इंजिन रीमॅप केलेल्या सगळ्यांनाच सांगते. बॉडीला पिळतो तो टायर. हॉर्सपॉवर वाढली म्हणून वळणात बॉडीवरचा ताण वाढत नाही, पकड वाढली की वाढतो. तुमचे रुंद टायर हे त्या सैलपणाचं खरं निमित्त आहे. जुन्या अरुंद टायरवर गाडी घसरून सुटायची, आता ती पकडते आणि सगळा जोर जुन्या पत्र्यावर जातो.

पिळाचा आणि चालण्याचा संबंध असा. गाडीला चार स्प्रिंगा असतात आणि प्रत्येकीला शांत करायला एक शॉकअप. बॉडी स्वतः थोडी वाकते आणि परत येते, म्हणजे ती पाचवी स्प्रिंग झाली, पण तिला शॉकअप नसतो. म्हणून सैल बॉडीवर कडक शॉकअप घातले की गाडी आणखी खडखडते. बॉडी किती ताठ आहे हे मोजायला मागचे माउंट घट्ट धरून पुढून पीळ देतात आणि एक अंश वळवायला किती न्यूटन मीटर (पिळाच्या जोराचं माप) लागले ते बघतात. आजच्या चांगल्या गाड्यांचा आकडा वीस-तीस हजारांच्या घरात असतो. जुन्या गाड्यांचा त्याहून बराच कमी, आणि वॅगनला सेडानची बरोबरी करायलाच जादा पत्रा खर्चावा लागतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: बीमचे बुश, मागचे शॉकअप, दाराची टेकणं, खालचे कोपरे, अलाइनमेंट. एवढं करून दोन महिने चालवा. त्यानंतरही कर्ण हलत असतील तर त्या पाच भागांपैकी काय घ्यावं? पुढचा बार तुमच्या गाडीत फार काही देणार नाही, तो शेवटी. फ्लोअर बार नकोतच. गाडी आधीच खाली आहे आणि घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचे गतिरोधक पहिल्या आठवड्यात ते वाकवतील. बार वाकतानाच मजल्याचा पत्राही ओढतो.

राहिला एक्स बार. तिरकी झालेली आंब्याची पेटी आडवी पट्टी ठोकून सरळ राहत नाही, तिरकी फळी ठोकली की राहते. म्हणून संचातला एक्स बार तेवढा काम करतो, हे खरं. पण तो लावला की डिकीत सामान जात नाही, आणि तुम्ही सेडान सोडून वॅगन घेतली ती त्या जागेसाठीच. मी त्याऐवजी कड्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत ३ मिमी पत्र्याच्या त्रिकोणी कोपरापट्ट्या करते. त्या आतल्या प्लास्टिकच्या ट्रिममागे, मूळच्याच भोकांत बोल्टने बसतात. त्यांना बाजारात चमकदार नाव नाही, लाल रंग नाही, आणि दार उघडल्यावर त्या कुणाला दिसतही नाहीत. मला त्याच सगळ्यात जास्त आवडतात.

आमची शेव्हरले फॉरेस्टर आहे. मिस्टरांनी मागच्या सीटमागे दोन खांबांना जोडणारा बार बसवला. गाडी वळणात छान वाटते असं ते म्हणतात. मागच्या सीटवर आमचा चार वर्षांचा मुलगा बसतो. मला तो बार बघून भीती वाटते. माझी भीती चुकीची आहे का?
— एक वाचक, खारघर

अजिबात चुकीची नाही. तो बार आजच काढा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत बारची पट्टी मागच्या सीटबेल्टच्या वरच्या बोल्टखाली दाबलेली दिसते. बेल्टचा बोल्ट साधा बोल्ट नसतो. तो बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच बारीक आट्यांचा असतो, मेट्रिक नव्हे, आणि किती खोल जायचं ते ठरलेलं असतं. मध्ये ५ मिमीची पट्टी घातली की तेवढे आटे पकडीतून जातात, आणि धडकेत बोल्ट वाकायला जागा मिळते. काही जण लांब बोल्ट हवा म्हणून दुकानातला १२ मिमीचा मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने फिरवतात आणि नटाचे आटेच संपवतात. काढताना मिस्टरांना सांगा, बोल्ट हाताने शेवटपर्यंत मोकळा फिरतो का ते बघा. मध्येच अडला तर नट खराब झालाय. तो बदलेपर्यंत मुलाला त्या बाजूला बसवू नका.

दुसरं म्हणजे डोकं. मागून कुणी ठोकलं तर सीटची पाठ मागे झुकते आणि डोक्यामागे लोखंडी नळी असते. शर्यतीच्या गाडीत अशा नळ्या असतात, पण तिथे आतल्या माणसाला हेल्मेट असतं, सीट कवचासारखी असते आणि पाच-सहा जागी पट्टे असतात. तुमच्या मुलाकडे यातलं काहीच नाही.

पुढच्या बारबद्दलही एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रोडवर डाव्या कोपऱ्यावर ठोकलेली एक गाडी माझ्याकडे आली. डावा टॉवर आत आला होता, ते अपेक्षितच होतं. पण बोनेटखाली एक जाड वेल्डेड बार होता आणि त्याने उजवा टॉवरही ४ मिमी ढकलला होता. एका बाजूचं काम दोन बाजूंचं झालं. ज्याने बार बसवला त्याने मालकाला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. मी आजही पुढचा बार मागणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगते आणि मगच पाना हातात घेते.

मिस्टरांना वळणातला तो घट्टपणा आवडलाय हेही मी समजू शकते. फॉरेस्टरला मागे खरोखरच स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले खांब, आहेत. बार हवाच असेल तर तो थेट स्ट्रटच्या वरच्या माउंटवर, खाली, सीटच्या पाठीच्या मागे बसणारा घ्या. खांबांना आणि बेल्टना हात लावू नका.

मॅडम, मी वाशीला राहतो, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या वॅगनसाठी स्ट्रट बार घ्यायचा आहे. ॲल्युमिनियमचा घ्यावा की लोखंडी? ॲल्युमिनियमचा दिसायला भारी आहे.
— एक विद्यार्थी

तू शिकतोयस म्हणून तुला आकड्यांत उत्तर देते. वही काढ.

पोलादाचा यंग्ज मॉड्युलस (धातूच्या ताठपणाचं माप) साधारण २०५ गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे त्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली तर ताठपणा एक तृतीयांश. वजनही एक तृतीयांश होतं, त्यामुळे जाडी वाढवून ते भरून काढता येतं. पण बाजारातले पॉलिश केलेले बार जाडी वाढवत नाहीत, फक्त पॉलिश वाढवतात.

तरी धातूपेक्षा मोठी गोष्ट आकार आहे. २५ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची, १ मीटर लांब पोलादी नळी घे. छेदाचं क्षेत्रफळ १४४ चौरस मिमीच्या आसपास येतं. ती सरळ असेल तर १ मिमी आखूड करायला जवळजवळ ३ टन जोर लागतो. आता इंजिनावरून जावी म्हणून तीच नळी कमानीसारखी वाकव, मध्यावर फक्त ६० मिमी उंच, आणि दोन्ही टोकं बिजागरीसारखी फिरती ठेव. आता त्याच १ मिमीला जेमतेम १०० किलो पुरतात. तीस पटींचा फरक. पहिली नळी दाबली जाते, दुसरी वाकते, आणि वाकवणं फार सोपं असतं. हे गणित स्वतः करून बघ. कमान पॅराबोला धर, बेंडिंगचं इंटिग्रल घे, तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये सगळं आहे. करून मला पाठव, मी तपासून देईन.

म्हणून बार निवडताना रंग आणि धातू नंतर बघ. आधी दोन टॉवरच्या मध्यबिंदूंना जोडणारी दोरी ताण आणि बार त्या दोरीपासून किती दूर जातो ते मोज. मग टोकाच्या पट्ट्या बघ. नळी ३ टन झेलणारी आणि पट्टी अडीच मिमीची, त्यावर बोल्ट ४० मिमी उंच उचललेला, असं असेल तर पट्टीच वाकेल आणि नळी नुसती प्रवास करेल. टोकाला एकच आडवा बोल्ट असलेले, म्हणजे फिरते बार, फक्त ओढ आणि दाब घेतात. पट्टी आणि नळी एकत्र वेल्ड केलेला बार थोडा पीळही घेतो, म्हणून वाकडा बार घ्यावाच लागला तर असा घे. काकांच्या गाडीत जागा असेल तर दोन टॉवर आणि मागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) असा त्रिकोण करणारा सगळ्यात चांगला.

शर्यतीच्या आणि वेगवान वॅगन ज्या कंपन्यांनी स्वतः बनवल्या, त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला? मी ७४ वर्षांचा आहे, आता चालवत नाही, पण कुतूहल आहे.
— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा

काका, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला.

१९९४ मध्ये व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क ८५० इस्टेट, म्हणजे वॅगन, उतरवली. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स चालवायचे. तिथे पत्र्याच्या ताठपणाचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सुटतो. आत नळ्यांचा पिंजरा सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, तोच गाडीचं खरं हाड होतो आणि बाहेरचा पत्रा कातडीपुरता उरतो. पुढच्या वर्षी व्होल्वो सेडानकडे वळली, पण कारण पत्रा नव्हता. नियम बदलून पंख (हवेच्या जोराने गाडी रस्त्यावर दाबणारे) लावायला परवानगी मिळाली, आणि पंखांचा फायदा सेडानवर जास्त होता.

त्याच सुमाराला ऑडीने पोर्शला हाताशी धरून आरएस २ अवांत केली. पाच सिलिंडर, २.२ लिटर, टर्बो, ३१५ हॉर्सपॉवर. जुळणी पोर्शच्या झुफेनहाउजेनच्या कारखान्यात व्हायची. या घराण्याची पुढची पिढी, आरएस ६ अवांत, २०१५ मध्ये आपल्याकडेही विकायला आली. तिच्यात ४ लिटरचं व्ही ८ आणि ५६० हॉर्सपॉवर. अशा गाड्यांत जादा बार बाहेरून जोडावा लागत नाही, कारण ताठपणा पत्र्याच्या प्रतीत आणि चिकटवण्यातच बसवलेला असतो. स्पॉटच्या मधल्या जागेत स्ट्रक्चरल गोंद भरला की जोड ठिपक्यांऐवजी सलग रेषेत धरतो. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत गाडीच्या सांगाड्यात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा हा गोंद आहे. कुणाला तो दिसत नाही म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नाही.

तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उदाहरण जपानमध्ये आहे. निसानच्या स्टेजिया वॅगनची ऑटेक या कंपनीने १९९७ मध्ये २६०आरएस नावाची आवृत्ती काढली. स्कायलाइन जीटी-आरचं आरबी२६ इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि सोबत बॉडीला जादा मजबुती. म्हणजे आज तरुण मुलं जे सुटे भाग विकत घेतात, तेच काम तिथे कारखान्याने गाडी विकण्यापूर्वी केलं.

आणि एक वेगळी वाट यामाहाने काढली. २००१ पासून त्यांनी बॉडीलाच लावायचा एक छोटा शॉकअप आणला. पुढे दोन टोकांमध्ये एक, मागे एक. त्याचा दांडा मिलिमीटरभरही हलत नाही, पण बॉडीची थरथर तो खातो. वर मी बॉडीला पाचवी स्प्रिंग म्हटलं ना, तिला यांनी शॉकअप दिला. नुसतं ताठ करत राहण्यापेक्षा हा विचार मला जास्त पटतो. जुन्या वॅगनवर तो लावून बघायची माझी खूप इच्छा आहे.

माझी बलेनो अल्टुरा आहे, नोंदणीची पंधरा वर्षं होऊन एकदा नूतनीकरणही झालंय. मागे स्ट्रट बार लावायचाय आणि एकाने सांगितलं की सगळ्या जोडांवर सलग वेल्डिंग करून घे, गाडी दगडासारखी होईल. आरटीओत अडचण येईल का? बार लावताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, घणसोली

तुमच्या गाडीला मागेही मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणून मागच्या बारला तुमच्याकडे खरंच अर्थ आहे. ऑक्टेव्हियाच्या वाचकांना मी नको म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणते आहे, कारण तुमच्या गाडीत वळणाचा जोर थेट त्या दोन टॉवरमध्ये शिरतो. १.६ लिटरचं ते इंजिन आणि हलकी बॉडी, माझ्या मते आपल्या देशात विकल्या गेलेल्या वॅगनमधली चालवायला सगळ्यात गोड गाडी ती.

सलग वेल्डिंग मात्र करू नका. पातळ जुन्या पत्र्यावर सीओटू वेल्डिंगची लांब रेघ ओढली की उष्णतेने पत्रा ओढला जातो, मागच्या बाजूचा रंग आणि सीलर जळतो, आणि पुढच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. शर्यतीची गाडी दर हंगामानंतर उघडतात, तुमची पार्किंगमध्ये पावसात उभी राहणार.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची एमएच-४३ ची गाडी दर पाच वर्षांनी फिटनेसला उभी राहणार. म्हणून माझ्या वर्कशॉपचा नियम असा: गंजलेला भाग कंपनीच्या मापाने दुरुस्त करताना वेल्डिंग, बाकी सगळं बोल्टने आणि पूर्ण सुटं होणारं. सांगाडा कापणं, नवीन भोक पाडणं, मेंबरला पट्टी वेल्ड करणं, ही कामं मी घेत नाही. बार लावण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवा आणि तपासणीला जाताना बार काढून जा.

लावताना गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी हवी. जॅकवर असताना टॉवर आपल्या जागेवर नसतात. तेव्हा बार आवळला की बॉडी कायमची ताणलेली राहते आणि दारं कुरकुरायला लागतात. टॉवरवरचा रंग खरवडू नका, पण पट्टीखालची धूळ आणि जुनं सीलर स्वच्छ करा. मूळ नट परत वापरू नका, नवे लॉकनट घ्या. ते कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कनेच आवळा. बारला लांबी कमी-जास्त करायची आटेवाली नळी असेल तर हाताने फिरवून दोन्ही टोकं नुसती टेकवा आणि चेकनट लावा. पान्याने ताण देऊ नका.

आवळून झालं की प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत पेंटपेनने एक रेघ ओढा. ५०० किलोमीटरनंतर त्या रेघा बघा. सरकल्या असतील तर बार काढून टॉवरचा पत्रा नीट उजेडात तपासा. बोल्टाच्या भोकाभोवती रंगाला केसाएवढीही चीर दिसली तर बार परत लावू नका आणि गाडी हळू चालवत माझ्याकडे घेऊन या. घणसोलीहून रबाळं लांब नाही.